वाळीतल्या माणसाला शिवी

दत्तोबा तुरुंगातून सुटले तेव्हा त्यांच्याजवळ एक घोंगडी, एक लोटा आणि एक वाक्य होतं. घोंगडीत ढेकूण होते, लोट्याला पोचा पडला होता. वाक्य मात्र लखलखीत होतं. ते उद्धवरावांसाठी होतं. चाकणच्या शनिवारच्या बाजारात, कांद्याच्या ढिगांपासून बैलांच्या दावणीपर्यंत सगळं गाव जमलेलं असताना, ते उद्धवरावांच्या तोंडावर हाणायचं होतं. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत दत्तोबांनी तुरुंगात दुसरं काही केलं नव्हतं. बराकीत सोलापूरकडचे एक मास्तर होते. त्यांनी वाक्य ऐकून त्यातली दोन विशेषणं काढायचा सल्ला दिला. दत्तोबांनी एक काढलं आणि त्याच्या जागी दोन घातली.

साल छप्पन्न. संयुक्त महाराष्ट्र मागितला म्हणून माणसं धरत होते. दत्तोबांना तर मागायच्या आधीच धरलं. दत्तोबा बैलबाजारातले दलाल. नाशिक रस्त्यावर गाड्या अडवायच्या, असं त्यांच्या ओट्यावर चारचौघांत ठरलं आणि एक-दोन दिवसांत पोलीस दारात उभे राहिले.

"मी अजून काहीच केलं न्हाई," दत्तोबा म्हणाले.

"म्हणूनच धरलंय," साहेब म्हणाला. "केल्यावर काय, कुणीही धरतं."

माझं म्हणणं तरी ऐका, म्हटल्यावर साहेबानं सांगितलं की ह्या कायद्यात ऐकायचं बसत नाही. माणूस वाईट नव्हता. जाताजाता एवढं बोलला, की नाव तुमच्याच गावच्या एका वजनदार माणसानं दिलंय.

चाकणात वजनदार म्हणावा असा सरकारपक्षाचा माणूस एकच. उद्धवराव. बेचाळीसला ते स्वतः तुरुंगात जाऊन आले होते. आता सरकार त्यांचंच असल्यामुळे तालुक्याच्या कुठल्याही कचेरीत गेले की शिपाई न सांगता खुर्ची पुसायचा.

चैत्रात दत्तोबांचे वडील गेले. सुटीचा अर्ज वर गेला, वरून खाली आला, तोवर तेरावा उरकला होता. शेवटचं पाणी पाजायला मुलगा नाही, अग्नी द्यायला मुलगा नाही. चुलतभावानं दिला. त्या दिवसापासून वाक्यात बापाचा उल्लेख आला, आणि मास्तरांनी सल्ले द्यायचं सोडलं.

असे दत्तोबा एस्टीतून उतरले ते थेट स्टँडसमोरच्या वजीरच्या हॉटेलात शिरले. हॉटेल म्हणजे दोन बाकडी आणि एक चूल. वजीरनं न विचारता कप पुढं ठेवला.

"उद्धवराव गावात हाय का?" दत्तोबांनी विचारलं.

वजीरनं आधी दाराकडं पाहिलं, मग चुलीकडं. "हायेत म्हणलं तर हायेत."

"म्हंजे?"

"वाळीत टाकलंय. मालोजीरावांच्या जागृती कमिटीनं. न्हावी बंद, गिरणी बंद, विस्तव बंद. कुणी एक शब्द बोलायचा न्हाई. जो बोलंल तो बी वाळीत. परवा त्यांची बायकू इंदुताई उन्हात स्टँडवर बसली हुती, तिला कपभर च्या दिला तर मला ताकीद आली. पुन्हा दिलास तर तुझी चूल बंद."

दत्तोबांना पहिल्यांदा बरं वाटलं. मग त्यांनी कप खाली ठेवला. "पण मला त्याला शिव्या द्यायच्यात."

"त्ये मालोजीरावांना इचारा," वजीर म्हणाला. "माझ्या मतानं शिवी बोलण्यात धरतात."

मालोजीराव कांद्याचे अडते. त्यांच्या पेढीवर कमिटीचा फलक लागला होता. दत्तोबांना त्यांनी उठून मिठी मारली, हार मागवला, तुरुंगातले हाल विचारले आणि सांगून व्हायच्या आत पुरे म्हणाले. मग मुद्दा आला.

"शिवी म्हंजे बोलणंच, दत्तोबा. एकाला शिवीची मुभा दिली, तर दुसरा म्हणंल मी नुसतं राम राम घालतो. बंदी म्हंजे बंदी."

"बाप माझा मेलाय, मालोजी."

"व्हय ना. म्हणून तर आमी त्याला वाळीत टाकलं. तुमच्यापायीच सगळं चाललंय."

"मंग माझ्यापायीच जरा उठवा."

"तसं करता येत न्हाई," मालोजीराव म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "तत्त्व हाय."

घरी कौशल्याबाईंनी नवऱ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्यांना वाढलं आणि समोर बसून सगळं ऐकून घेतलं. "गप ऱ्हावा की आता," त्या म्हणाल्या. "त्याच्या बायकोला ह्या वयात जात्यावर दळताना बघितलंय मी. झाला की तुमचा सूड."

"तो मालोजीचा सूड हाय. माझा अजून पेटीतच हाय."

दुसऱ्या दिवशी दत्तोबांना युक्ती सुचली. बंदी माणसाशी बोलण्याची होती, जनावराशी नव्हती. त्यांनी आपला पांढऱ्या कपाळाचा बैल सोडला आणि बाजारतळाच्या विहिरीवर नेला. तिथं उद्धवराव स्वतःच्या हातानं पाणी शेंदत होते. दाढी वाढलेली, खादी मळलेली. दत्तोबा त्यांच्याकडं पाठ करून उभे राहिले आणि बैलाला म्हणाले, "काय रे गद्दारा. गावचं मीठ खाऊन गावाच्या गळ्यावर सुरी फिरवणाऱ्या, खादी पांघरलेल्या लांडग्या."

बैलानं कान हलवले. दत्तोबा रंगात आले. बैलाच्या सात पिढ्या काढल्या, त्याच्या राजकारणाचे वाभाडे काढले, तो सरकारी खुर्चीवर कसा बसतो त्याचं वर्णन केलं. श्वास घ्यायला थांबले आणि तिरप्या डोळ्यानं मागं पाहिलं.

उद्धवराव पोहरा हातात तसाच धरून, डोळे मिटून उभे होते. कीर्तन ऐकणारा माणूस उभा राहतो तसे. चेहऱ्यावर चक्क सुख होतं. किती आठवड्यांनी कुणीतरी त्यांच्यासाठी एवढं बोललं होतं.

मग उद्धवरावही बैलाला म्हणाले, "तुझ्या मालकाचा घसा बसलाय रे. तिथली थंडी बाधली असेल. त्याला म्हणावं, खडीसाखर चघळ."

दत्तोबा बैलाला ओढत घरी आले. जेवले नाहीत. ज्याला शिवी ऐकून आनंद होतो त्याला शिवी देणं म्हणजे अन्नदान. एवढ्यासाठी का माणूस तुरुंगात बसतो? त्या खंगलेल्या, दाढीवाल्या, पाणी शेंदणाऱ्या म्हाताऱ्यावर वाक्य टाकलं असतं तर ते शेणात पडल्यासारखं पडलं असतं. सूड घ्यायला समोर माणूस उभा लागतो. मालोजीनं तो माणूसच पळवला होता. सुडाची चोरी झाली होती, आणि तीही दत्तोबांच्याच नावावर.

संध्याकाळी कमिटीची ताकीद आली, की यापुढं बैलाशी बोललेलंही धरलं जाईल.

दत्तोबांनी कमिटीची सभा मागितली.

सभा बाजारतळावर, लिंबाखाली भरली. अडते, दलाल, हमाल, निघोज्याकडचे चार शेतकरी, कडेला वजीर. उद्धवराव अर्थातच नव्हते. त्यांना बोलावणं म्हणजे त्यांच्याशी बोलणं. दत्तोबा उभे राहिले. पोटात जे होतं तेच त्यांनी मांडलं.

"उद्धवरावांवरली बंदी उठवा. मला त्यांचा सूड घ्यायचाय."

लोक हसले. दत्तोबा हसले नाहीत.

"हसू नगा. तुमी काय केलंय? त्यानं माझं नाव दिलं, असं तुमचं म्हणणं. माझं बी तेच म्हणणं. पर त्याला इचारलं कुणी? त्याला तोंड उघडू दिलंय? दिल्यालं नसलं तर मी नाहक बैलाला शिव्या दिल्या. दिल्यालं असलं तर मला त्ये त्याच्या तोंडानं पायजे, भर बाजारात."

"द्रोह्याचं काय ऐकायचं?" मालोजीराव म्हणाले. "त्यो महाराष्ट्राच्या विरोधात हाय ह्ये उघड हाय."

"माझं बी उघडच हुतं. साहेब म्हणाला, ऐकायचं बसत न्हाई."

"साहेबाचं येगळं. आपली बाजू खरी हाय."

"साहेबाला बी त्याची खरीच वाटत हुती, मालोजी. खोटी बाजू घेऊन कोण पहाटं उठतंय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "असं जर प्रत्येकाचं ऐकत बसलं, तर उद्या कुणीबी सरकारकडनं बोलंल."

"बोलू दे की. मंग मी त्याला बी शिव्या देईन. पर मुक्याला शिवी दिऊन काय मिळतंय? आन आज त्यो खादीवाला हाय म्हणून त्याची गिरणी बंद. त्याच्या बायकोला च्या दिला म्हणून ह्या वजीरला ताकीद. बैल माझा हाय म्हणून बैलाला ताकीद. उद्या कुणाला, त्ये मालोजीला बी ठावं न्हाई."

"मला इचाराल तर," वजीर बसल्या जागेवरून म्हणाला, "आमचा नंबर लागून गेलाय. हैदराबादेत रझाकारांचा दंगा झाला तवा मी चाकणातच च्या उकळत हुतो. तरी लोक दीड म्हयना माझ्या कपाला शिवले न्हाईत. मला बी कुणी इचारलं न्हाई, की बाबा, तुझं काय म्हणणं हाय. इचारलं असतं तर म्हणलो असतो, च्या थंड हुतोय."

ह्यावर बरेच जण जमिनीकडं पाहू लागले. पण तोंडं चालूच राहिली. बंदी राहिलीच पाहिजे, असं जो तो शेजाऱ्यापेक्षा मोठ्यानं म्हणू लागला, कारण जो हळू म्हणेल त्याच्याकडं मालोजीराव पाहत होते.

तेव्हा दत्तोबांनी खांद्यावरचा पंचा काढला. "आपण बाजारची माणसं. हात पंच्याखाली घालून ठरवू."

चाकणच्या बैलबाजारात भाव कुणी तोंडानं बोलत नसे. घेणारा आणि दलाल पंच्याखाली एकमेकांची बोटं दाबत. वर दोघे हवापाण्याच्या गप्पा मारत, वेळ पडली तर भांडत, आणि खाली सौदा होई. कांद्यातही जुन्या अडत्यांचं तेच चाले. पंच्याखाली काय झालं ते चारचौघांत सांगताना खोटं बोलला, असा दलाल चाकणात झाला नव्हता. झाला असता तर त्याला गाव सोडून नाशिक रस्त्यानं पायी जावं लागलं असतं.

"उठवायची असंल त्यानं पंजा उघडा द्यायचा, ठिवायची असंल त्यानं मूठ," दत्तोबा म्हणाले. "माझ्यावर इस्वास नसंल तर मालोजी, तुमचा बी हात संगं घाला."

मालोजीराव लगेच तयार झाले. एवढी तोंडं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती. जन्म पंच्याखाली घालवलेला माणूस, पण कमिटीचा अध्यक्ष झाल्यापासून तोंडाच्या भावावर विश्वास ठेवायला लागला होता.

दोघे समोरासमोर बसले. मांडीवर पंचा. एकेक माणूस येई, वाकून हात आत घाली. पहिला आला तो हमालांचा मुकादम. "गद्दाराला माफी न्हाई," तो गरजला, आणि खाली मालोजीरावांच्या हातात एक रुंद, घामेजलेला, सताड उघडा पंजा आला. मालोजीरावांनी वर पाहिलं. मुकादमाचा चेहरा दगडाचा. दुसरा म्हणाला, "बंदी जन्मभर ऱ्हायली पायजे," आणि पंजा उघडा. निघोज्याचा शेतकरी काहीच बोलला नाही, त्याची मूठ आली. मग पुन्हा पंजा, पुन्हा पंजा. गिरणीवाल्यानं तर उद्धवरावांना फासावर द्यायची मागणी करत करत मालोजीरावांच्या हातात पाचही बोटं पसरली. उद्धवरावांचं दळण हे गिरणीचं मोठं गिऱ्हाईक होतं, हे खरं. पण सगळ्यांचं तसं नव्हतं. काहींना नुसती भीती वाटत होती, की पुढचा कोण. ती भीती तोंडानं बोलता येत नव्हती. हातानं आली.

शेवटचा हात निघाला तेव्हा पंच्याखाली मालोजीराव आणि दत्तोबा दोघांचेच हात उरले. मालोजीरावांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी पंचा उचलला, घडी केली आणि दत्तोबांना परत दिला.

"उठली," ते म्हणाले. आणखी काही बोलले नाहीत. अध्यक्ष कसाही असो, अडत्या पक्का होता.

पुढचे दिवस दत्तोबांनी उद्धवरावांची जशी निगा राखली तशी सख्ख्या भावानं राखली नसती. स्वतः मात्र एक शब्द बोलले नाहीत. न्हाव्याला धाडून दिला आणि त्याला बजावलं, मिशी नीट कोर. गिरणीत दळण आधी लागलं की नाही ते जाऊन पाहिलं. उद्धवराव रस्त्यानं चालले असताना एकानं अर्धवट हात वर केला, तर दत्तोबांनी त्याला बाजूला घेतलं. "नीट वाकून राम राम घाल. शनवारी मला त्यो ताठ पायजे." बोकडाला चारतात तसं चाललं होतं. कौशल्याबाई एवढंच म्हणाल्या, "देवाला सोडतात तवा सुदीक इतकं करत न्हाईत."

शनिवारी उद्धवराव बाजारात आले. धुवट खादी, कडक टोपी, हातात काठी. लोक बाजूला होऊन नमस्कार करत होते. कांद्याच्या ढिगांमधल्या वाटेवर दत्तोबा उभे होते. सगळा बाजार आपोआप थांबला. ज्यांना ऐकू येणार नव्हतं ते बैलगाड्यांवर चढले.

तुरुंगात दत्तोबा उद्धवरावांना मनातल्या मनात अरेतुरे करत होते. समोर आल्यावर अहोजाहोच आलं.

"उद्धवराव, माझं नाव पोलिसांना तुमी दिलं?"

"दिलं," उद्धवराव म्हणाले.

दत्तोबा जरा डगमगले. वाक्याचा अर्धा भाग, तो नाकबूल करील ह्या भरवशावर रचलेला होता.

"मुंबईत गोळीबारात पोरं मेली होती," उद्धवराव म्हणाले. आवाज स्थिर होता. "तुम्ही रस्ता अडवला असता तर इथंही मेली असती. चारजण आत गेले तर बाकीचे जगतील, असं वाटलं. आजही वाटतं. तशी वेळ आली तर पुन्हा देईन."

बाजार उसळला. कुणाच्या हातात ढेकूळ आलं, कुणाच्या हातात कांदा. मालोजीराव ओरडले, "ऐकलंत? आता तरी पटलं का?" दत्तोबा गर्रकन वळले.

"जो हात लावंल त्याची माझी गाठ हाय. ह्यो माझा माणूस हाय. त्याचं बोलणं झालं, आता माझं हाय."

ढेकूळ खाली पडलं. दत्तोबा पुन्हा वळले आणि घासून ठेवलेलं वाक्य म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. बाहेर आलं ते भलतंच.

"नाव कुठं बसून दिलं?"

"ठाण्यात."

"कशावर बसून?"

"खुर्चीवर."

"साहेबानं च्या दिला?"

उद्धवरावांना हे अपेक्षित नव्हतं. "दिला."

"प्याला?"

"प्यालो."

"ठाण्याकडं जायाचं तर स्टँडवर यावं लागतं. वाटंत माझं घर हाय. म्हातारा माझा सकाळी ओट्यावर बसायचा. त्या दिशी हुता?"

उद्धवरावांनी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. "होता."

"राम राम घातला त्यानं?"

"घातला."

"तुमी?"

"मीही घातला."

"आन काय म्हणाला?"

दत्तोबांनी वाट पाहिली. बैलाच्या गळ्यातली घंटासुद्धा कुणीतरी हातानं धरून ठेवली होती.

"म्हणाला," उद्धवराव हळू बोलले, "दत्तू घरातच हाय. आत या, च्या घिऊन जावा."

"मंग?"

"मी म्हटलं, घाई आहे."

कुणी ओरडलं नाही. ओरडण्यासारखं त्यात काही नव्हतंच. चार पावलांवर घर, दारात म्हातारा, आत माणूस, आणि विचारायला वेळ नाही. मालोजीरावही आपल्या हाताच्या तळव्याकडं पाहत होते.

उद्धवरावांचा हात टोपीकडं गेला. ती काढून दत्तोबांच्या पायावर ठेवायची, असं त्यांच्या मनात आलं असावं. दत्तोबांनी त्यांचं मनगट धरलं. हळूच धरलं, पण सोडलं नाही.

"टोपी ऱ्हाऊ द्या. बोडक्या माणसावर माझा राग चालत न्हाई."

वाक्य म्हणायचं राहूनच गेलं. दत्तोबांच्या ते ध्यानातही आलं नाही. ते बाजूला झाले आणि कांद्याच्या पोत्यावर बसले. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी सणसणीत भूक लागली होती.

उद्धवराव घराकडं निघाले. मधे सगळा बाजार होता, आणि आता त्यांच्याशी बोलायला कुणालाच बंदी नव्हती. पहिल्याच ढिगापाशी एक म्हातारी माळीण म्हणाली, "व्हय वो उद्धवराव, खरंच म्हणाला का त्यो, च्या घिऊन जावा म्हणून?" उद्धवरावांना थांबून उत्तर द्यावं लागलं. "म्हणाला." दोन पावलं गेले तर मुकादम. "आन तुमी खरंच म्हणालात, घाई हाय?" "म्हणालो." पलीकडं न्हावी उभा होता, त्याच्यापुढं गिरणीवाला, त्याच्यापुढं निघोज्याचे शेतकरी, आणि जो तो अगदी आदरानं, वाकून, एवढंच विचारत होता.

अर्ध्या वाटेवर मालोजीरावांचा पुतण्या बाह्या सरसावून आडवा झाला. उद्धवराव थांबले. दत्तोबा पोत्यावरून उठले.

"वाट सोड त्यांना," ते म्हणाले. "एक बोट लावायचं न्हाई. सगळ्या बाजारातनं जाऊ दे."